काकींची पद्मिनी

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. दर वेळी आपण शेळीपालन, शिलाई, मसाला कांडप, बँकेचं कर्ज असलं काहीतरी बोलतो. आज बोलणार आहोत मोटारीवर. तीही नव्या नाही, चांगल्या पस्तीस वर्षांच्या जुन्या मोटारीवर. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना ही नसती उठाठेव कशाला? आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण काही काळापूर्वी आमच्या गटापुढे एक अर्ज आला आणि त्याने आम्हाला मोटारीच्या खाली वाकून बघायला लावलं.

आमचा गट कराड-विटा रस्त्याच्या बाजूचा, कडेगाव तालुक्यातला. बारा जणी आहोत. सात वर्षं झाली, महिन्याला दोनशे रुपये बचत. अंतर्गत कर्जाचं व्याज शेकडा एक रुपया. हिशेबाची वही समन्वयकाकडे, पेटीची किल्ली अध्यक्षांकडे, अशी आमची रीत.

त्या दिवशी बैठकीत आमच्यातल्या एका काकींनी अर्ज दिला. रक्कम ऐंशी हजार. कारण लिहिलं होतं, "मुलासाठी विंटेज गाडी." वही वाचताना आम्ही क्षणभर थांबलोच. काकींच्या घरी दोन म्हशी, शिलाई मशीन आणि दीड एकर रान. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आयटीआयला मोटार मेकॅनिक झालेला, कराडला गॅरेजात कामाला. त्याच्या डोक्यात बसलं होतं, एक जुनी प्रीमियर पद्मिनी घ्यायची, सुट्टीच्या दिवशी घरच्या अंगणात ती स्वतःच्या हाताने नवी करायची. लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची, फोटोवाल्यांना द्यायची, आणि वर्षाच्या आत पैसे फिटणार.

बहिणींनो, ऐंशी हजार म्हणजे आमच्या सगळ्या बचतीतला दहा आण्यांमागे चार आण्यांचा वाटा. उद्या कुणाचं लेकरू दवाखान्यात गेलं तर पेटीत काय राहणार? एक मावशी तर उठूनच म्हणाल्या, "म्हस घ्या म्हटलं तर लगेच सही करते. म्हस दूध देती. मोटार काय देती? धूर." सगळ्या हसल्या. काकी मात्र हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "बाप गेल्यापासून पोरगं कुठल्याच गोष्टीला हौसेनं बोललं नव्हतं. पहिल्यांदाच बोललंय."

यावर काय उत्तर द्यायचं? आम्ही अर्ज नाकारला नाही आणि मंजूरही केला नाही. ठराव केला, की आधी गाडी म्हणजे काय ते बघू, मग बोलू. आणि पोराला पुढच्या बैठकीला बोलावलं.

पोरगं तयारीनं आलं. पहिलं नाव घेतलं ते आपल्याच तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांचं. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या या लोहारकाम करणाऱ्या माणसाने भंगारातले भाग जोडून साधारण साठ हजार रुपयांत छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रा यांनी तो पाहिला आणि त्या जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. "त्यांनी भंगारातून गाडी केली, मी तर तयार गाडी दुरुस्त करायचं म्हणतोय," असं पोराचं म्हणणं.

गोष्ट खरी आहे आणि आम्हाला तिचा अभिमानही आहे. पण त्या गोष्टीतलं अर्धंच पोराने सांगितलं होतं. महिंद्रांनी बोलेरो देऊ करताना हेही लिहिलं होतं, की ही घरी बनवलेली गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. म्हणजे कौतुक कलेचं झालं, परवाना नाही मिळाला. कंपनीने बनवलेल्या गाडीतही मूळ रचना आपल्या मनाने बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. तेव्हा पहिला धडा हा. जुनी गाडी नीट करायची तर ती मूळ होती तशी करायची. छप्पर कापून उघडी करणं, भलतंच इंजिन बसवणं, हे करायला गेलं की पासिंगला अडकलीच म्हणून समजा.

मग आम्ही विचारलं, "विंटेज म्हणजे किती जुनी?" पोरगं म्हणालं, "जुनी म्हणजे जुनी." तसं नसतं, बहिणींनो. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने याचा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तरच ती विंटेज. तिच्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आणि मोठी गोष्ट म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तेल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते.

पोराने बघून ठेवलेली पद्मिनी होती १९८९ ची. पन्नासला अजून बराच अवकाश. म्हणजे ती विंटेज नव्हेच, नुसती जुनी गाडी. जुन्या गाडीचा नियम वेगळा. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा. चारचाकीची ही फी आधी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार झाली. त्यावर पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, नवी नंबरप्लेट वेगळी.

आणि वरातीचं भाडं? पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने फिरवता येत नाही. त्याला परवाना लागतो, पिवळी पाटी लागते. "सगळे करतात की," पोरगं म्हणालं. त्यावर आमच्या अध्यक्ष अक्का म्हणाल्या, "सगळ्यांचं कर्ज आम्ही देत नाही. तुझ्या आईचं देतो. वरातीत अपघात झाला आणि विमा नाकारला, तर भरायचं कोणी?"

पोराचा चेहरा उतरला. पण त्यामुळे एक झालं. हे कर्ज कमाईचं नाही, हौसेचं आणि हाताला शिकवणीचं आहे, हे सगळ्यांसमोर उघड झालं. आमचं म्हणणं असं, की हौसेला कर्ज देऊ नये असं काही नाही. लग्नात मांडवाला देतोच की आपण. पण हौसेला कमाईचं नाव देऊन कर्ज घेऊ नये. हप्ता कुठून येणार ते मग आपण स्वतःलाच खोटं सांगतो.

पुढच्या रविवारी आम्ही सात जणी पोराबरोबर सांगलीला गाडी बघायला गेलो. विकणाऱ्याने गाडी चकाचक पुसून ठेवली होती. क्रीम रंग, आतून नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डवर गणपती. पोरगं खुळावलंच. बॉनेट उघडून इंजिन बघत बसलं. आम्हाला इंजिनातलं काय कळणार? आम्ही आत बसलो, दारं उघडझाप केली. आमच्यातल्या दोघींची माहेरं सांगलीत नदीकाठच्या भागात. त्यातल्या एकीने पुढचं सीट मागे सरकवायला हात घातला आणि ती थबकली. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकतं, तिच्या खाचेत बोट घालून तिने बाहेर काढलं. बोटाला बारीक, करडा, सुकलेला गाळ. तिने वास घेतला आणि म्हणाली, "ही कृष्णामाईची माती हाय."

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कुणाला विसरता येईल? पाणी उतरल्यावर आम्ही पंधरा दिवस पाहुण्यांच्या घरांतून गाळ उपसला होता. कपाटाच्या बिजागरीत, मिक्सरच्या पोटात, देव्हाऱ्याच्या खणात, कुठे कुठे तो गाळ शिरतो ते आम्ही आमच्या नखांनी खरवडून पाहिलंय. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ती माती आणि तो वास आम्हाला शिकवावा लागत नाही. मग आम्ही तशाच नजरेने गाडी बघितली. दाराच्या आतला पुठ्ठा खालच्या बाजूने फुगलेला. वेगाच्या काट्याच्या काचेआड पाण्याची बारीक रेघ. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाली गाळाचा पापुद्रा. पोराने मग स्वतःच गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलं. ते ताकासारखं पांढुरकं. तेलात पाणी गेलं की असं होतं.

विकणारा म्हणत राहिला, "गाडी घरातच उभी होती." असेलही. पाणीही घरातच आलं होतं. आम्ही भांडलो नाही. चहा घेतला आणि परत आलो.

आता हे नीट ऐका, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नदीकाठ मोठा आहे. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही रंगवली तरी पत्र्याच्या पोकळीत पाणी आणि गाळ राहतो आणि ती आतून गंजत जाते. वायरिंगचे जोड कुजतात, ब्रेकचे भाग धरतात. पद्मिनीच्या बाबतीत तर हे फारच वाईट. जीपला खाली वेगळा लोखंडी सांगाडा असतो, वरचं अंग त्यावर बसवलेलं असतं. पद्मिनीला असा वेगळा सांगाडा नाही. तिचा तळाचा पत्रा आणि दाराखालचे पट्टे हाच तिचा कणा. तो कुजला तर गाडीत काही उरलं नाही.

परत येताना एसटीत पोरगं गप्प होतं. कराडजवळ आल्यावर म्हणालं, "मी इंजिनच बघत बसलो, मावशी." आम्ही म्हटलं, "बाळा, इंजिन तू बघ. बाकी आम्ही बघतो."

दुसरी गाडी दोन महिन्यांनी कोरेगाव भागात मिळाली. पुन्हा पद्मिनी. ही गाडी काय आहे तेही थोडं सांगतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावाचं सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. इटलीच्या फियाटची ११०० गाडी त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. तीच पुढे १९७० च्या दशकात राणी पद्मिनीच्या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. जुनी गाडी घेताना हा इतिहास उपयोगाचा असतो. जी गाडी हजारोंनी टॅक्सीत धावली, तिचे सुटे भाग आणि तिला हात लावणारे जुने मिस्त्री अजून सापडतात. फार दुर्मीळ गाडी स्वस्तात मिळाली तरी तिचा एक दिवा शोधता शोधता वर्ष जातं.

कोरेगावची गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. धूळ, कोंबड्यांची घाण, चारी टायर बसलेले. दिसायला पहिलीच्या पासंगालाही पुरणार नाही. आमची एक शिलाई करणारी बहीण पिशवीत लोहचुंबक घेऊन आली होती, सांडलेल्या टाचण्या गोळा करतो ना, तो. त्याला पातळ कापड गुंडाळायचं, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही, आणि सगळीकडून फिरवायचा. जिथे पत्रा आहे तिथे चिकटतो. जिथे गंजून भोक पडलंय आणि वर लांबी भरून रंग मारलाय, तिथे चिकटत नाही. या गाडीत दोन दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा एक कोपरा सोडला तर चुंबक सगळीकडे धरला. चटया उचलून तळ बघितला. बॅटरीखाली तळहाताएवढं भोक होतं, ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा पातळ झाला होता. बाकी धड.

इंजिन जाम होतं. पोराने किल्ली फिरवायची घाई केली नाही, हे आम्हाला आवडलं. चारी प्लग काढून त्याने प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडलं आणि म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी हाताने फिरवल्यावर इंजिन हललं. मालकीणबाईंनी पंचावन्न हजार सांगितले होते. चुंबक कुठे सुटला ते दाखवून, बॅटरीखालचं भोक दाखवून आम्ही बेचाळीस हजारांवर आणले. बाजारात मेथीची जुडी घेतानाही आपण आतली पानं उलटून बघतो, तेच केलं.

पण पैसे लगेच दिले नाहीत. आधी कागद. आरसी बुकात नाव होतं त्या बाईंच्या वारलेल्या मालकांचं. असं बुक असेल तर गाडी थेट आपल्या नावावर होत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची. मग विकणाऱ्याचा फॉर्म २९, दोघांचा मिळून फॉर्म ३०. बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा. चासी नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून बघायचा, गाडीवरचा, झेरॉक्सवरचा नाही. जुनी नोंद आरटीओच्या संगणकावर चढली आहे का, तेही विचारायचं. आणि गंमत ऐका. सातारा आणि सांगली एके काळी एकच जिल्हा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. आपली सोयरीक अजून दोन्हीकडे. पण आरटीओला सोयरीक चालत नाही. साताऱ्याची एमएच-११ मधली गाडी सांगलीच्या एमएच-१० मध्ये आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी लागते का, ते आरटीओत विचारून घ्यायचं.

आम्ही पाच हजार विसार दिला, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. उरलेले पैसे वारसाचं नाव लागल्यावर. दोन महिने गेले. पोरगं तगमगत होतं, पण त्या दोन महिन्यांनी सगळं सुरळीत झालं.

आणि मग आला खरा प्रश्न, ज्यासाठी आज आम्ही हे सगळं सांगत बसलोय. फॉर्म ३० भरताना घेणाऱ्याचं नाव काय लिहायचं?

पोराने स्वतःचं नाव लिहायला घेतलं. काकीही म्हणाल्या, "त्याचंच लिवा. मला काय करायचीय मोटार?" तेव्हा आमच्यातली सगळ्यात लहान सून, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही, ती बोलली. "काकी, कर्जाच्या कागदावर कुणाचा अंगठा हाय?" काकी म्हणाल्या, "माझा." "हप्ता चुकला तर वहीत नाव कुणाचं लागणार?" "माझंच." "मग बुकात नाव कुणाचं पाहिजे?"

सगळी खोली गप्प झाली. कारण बहिणींनो, हा प्रश्न एकट्या काकींचा नव्हता. आमच्या वहीत मागची सात वर्षं उलटून बघितली. एकीच्या कर्जातून घेतलेली मोटारसायकल नवऱ्याच्या नावावर. एकीच्या कर्जातून पाण्याची मोटर, वीजजोड सासऱ्यांच्या नावावर. एकीच्या कर्जातून रिक्षाचा पहिला हप्ता भरला, रिक्षा दिराच्या नावावर. कर्जाला सगळीकडे बाईचं नाव. वस्तूला एकदाही नाही. यात कुणाची लबाडी होती असं नाही. नुसती सवय होती. आणि ती वही आम्हीच लिहीत होतो, इतकी वर्षं, आमच्या हाताने. कर्ज देताना कारण विचारलं, हप्ता विचारला, जामीन विचारला. वस्तू कुणाच्या नावावर होणार हे एकदाही विचारलं नाही. आज सरकारही घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट देतं. आणि आम्ही बायांचा गट असून आमच्या वहीत तो रकानाच नव्हता.

पोरगं थोडं रागावलं. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही." अक्का त्याला म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणून तर पैसे देतोय. पण विश्वास वेगळा आणि बुक वेगळं. तुझ्या बापावरही तुझ्या आईचा विश्वास होता. तो गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायला तिने किती हेलपाटे घातले, ते तू लहान होतास म्हणून तुला ठाऊक नाही." पोरगं आईकडे बघत राहिलं. मग त्याने स्वतःच फॉर्मवर आईचं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

आम्ही कर्ज मंजूर केलं ते ऐंशी नव्हे, पन्नास हजार. तेही तीन टप्प्यांत. पहिला टप्पा खरेदीला, दुसरा ब्रेक आणि तळाचं काम झाल्यावर, तिसरा इंजिन चालू झाल्यावर. महिन्याला अडीच हजार मुद्दल अधिक राहिलेल्या रकमेचं व्याज. हप्ता पोराच्या पगारातून, पाच तारखेच्या आत, आईच्या हातात. म्हशीच्या दुधाचा पैसा त्याला लावायचा नाही, असं ठरावात लिहून घेतलं.

आता घरच्या घरी दुरुस्तीचं सांगतो. क्रम महत्त्वाचा. आधी थांबणं, मग धावणं, शेवटी दिसणं. म्हणजे आधी ब्रेक, टायर आणि तळाचा पत्रा. मग तेलाच्या नळ्या, वायरिंग, इंजिन. रंग सगळ्यांत शेवटी. तेलाच्या नळ्यांचं मुद्दाम सांगतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात आपल्या उसाचंही असतं, आनंद आहे, पण जुन्या गाड्यांचे रबर त्याच्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात, पेट्रोल गळतं आणि आग लागू शकते. जुनी गाडी घेतली की पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. टाकी आतून गंजलेली असेल तर ती धुऊन घ्या. हे काम नुसत्या हौशी माणसाने घरी करू नये. वेल्डिंगही टाकी उतरवल्याशिवाय करू नये.

पोराने हा क्रम एकदा मोडला. पाहुणे येणार म्हणून पुढची दोन दारं आधीच रंगवून घेतली. महिन्याने तळाचं वेल्डिंग केलं तेव्हा ठिणग्यांनी रंगाला फोड आले. चार हजार पाण्यात. त्याने ते वहीत स्वतः लिहिलं, "घाईचे ४०००."

ती वही काकींच्या घरात खुंटीला अडकवलेली. आज तुम्हाला सगळा हिशेब सांगतो. खरेदी ४२०००. कागदपत्रं, फी, कर, विमा, नंबरप्लेट मिळून १७०००. ब्रेक आणि टायर २१०००. तळ आणि पत्राकाम २४०००. इंजिन १९०००. वायरिंग ६५००. रंग २२०००. सीट ५५००. घाईचे ४०००. एकूण एक लाख एकसष्ट हजार. पोराने पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा होता नव्वद हजार. मजुरी त्याने स्वतःची धरलीच नाही, तरी ही गत. तेव्हा जुन्या गाडीची किंमत म्हणजे खर्चाचा पाव हिस्सा समजा आणि मनात जो आकडा येईल त्याच्या दुप्पट पेलवणार असेल तरच हात घाला. आणि वेळ? सहा महिने म्हणाला होता, चौदा महिने लागले.

पैशाच्या हिशेबाने बघितलं तर व्यवहार तोट्याचा. एवढ्या पैशात धावती जुनी मारुती मिळाली असती. मावशी अजूनही म्हणतात, "म्हस घेतली असती." त्यांचं चुकत नाही. पण वहीत न बसणारंही काही असतं. ते पोरगं चौदा महिने सुट्टीला घरी आलं, अंगणात बल्ब लावून आईशी बोलत बोलत काम करत राहिलं. गॅरेजात आता त्याला जुन्या गाड्यांचं काम वेगळं मिळतं, पगार थोडा वाढला. आजवर एकही हप्ता चुकला नाही. चौदा भरले, सहा राहिलेत.

पासिंगच्या दिवशी गाडी सांगलीला गेली. तपासणाऱ्या साहेबांनी बुक उघडलं, काकींचं नाव वाचलं आणि पोराला विचारलं, "मालक कुठायत?" पोरगं म्हणालं, "मालक मागं बसलीय." काकी डोक्यावरचा पदर सावरत खाली उतरल्या. आमच्यासारख्या चौघी मागे दाटीवाटीने बसलेलो, आम्हीही उतरलो.

काकींनी मागच्या महिन्यात शिकाऊ परवाना काढला. मोकळ्या रानात गाडी दहा फूट पुढे गेली आणि बांधावर चढली. म्हशीच दचकल्या. शिकतील हळूहळू.

आमच्या वहीत मात्र त्या दिवसापासून एक रकाना वाढलाय. कर्जाची रक्कम, कारण, हप्ता, आणि त्याच्या पुढे "वस्तू कुणाच्या नावावर." तुमच्याही गटाच्या वहीत तो आखून घ्या. पट्टी आणि पेन, एवढाच खर्च आहे. येत्या बैठकीला जुनी पानं एकदा उलटून बघा आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा.

बराच वेळ घेतला तुमचा. दूध उतू गेलं नसेल अशी आशा आहे. पुढच्या वेळी भेटू. राम राम.